डेव्हिड टेनंट
डेव्हिड टेनंट (जन्मनाव: डेव्हिड जॉन मॅकडोनाल्ड, जन्म: १८ एप्रिल १९७१, बाथगेट) हे स्कॉटिश अभिनेते आहेत. त्यांचे वडील चर्च ऑफ स्कॉटलंडचे धर्मोपदेशक होते. ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञानकथा-मालिका पाहून वयाच्या तिसऱ्या वर्षीच त्यांनी नट होण्याचा मानस आईवडिलांना सांगितला. पालकांचा कल रूढ व्यवसायाकडे होता. तरी हा निश्चय ढळला नाही. ग्लासगो येथील रॉयल स्कॉटिश अकॅडमी ऑफ म्युझिक अँड ड्रामा या संस्थेत त्यांनी नाट्यशिक्षण घेतले. नटांच्या ‘इक्विटी’ या संघटनेत त्यांच्याच नावाचा सदस्य आधीपासून असल्याने, गायक नील टेनंट यांचे आडनाव त्यांनी व्यवसायासाठी स्वीकारले. १९९४ साली ‘टेकिंग ओव्हर द असायलम’ या मालिकेत त्यांना महत्त्वाची भूमिका मिळाली. २००५ साली, बालपणीच्या त्याच ‘डॉक्टर हू’मध्ये ते दहावे डॉक्टर म्हणून अवतरले.