नाकात घड्याळ असलेला तोफगोळा: जुना जर्मन टाइम फ्यूज ओळखायचा कसा?

सोशल मीडियावर अधूनमधून एक फोटो फिरतो. मुठीएवढा धातूचा शंकू, त्यावर बारीक अक्षरं, आकड्यांची एक पट्टी आणि कॅप्शन, 'हे काय असेल?' कमेंट्समध्ये कुणी जहाजाचं उपकरण म्हणतं, कुणी जुना पेपरवेट. बऱ्याचदा तो असतो तोफगोळ्याचा फ्यूज, आणि त्यातही जर्मन असेल तर आत चक्क घड्याळ असू शकतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू. हा लेख फोटो बघून ओळखण्यासाठी आहे, वस्तू हातात घेऊन, फिरवून, घासून बघण्यासाठी नाही. का, ते पुढे येईलच.

फ्यूज म्हणजे नेमकं काय?

घरातली लाइट गेल्यावर आपण बघतो तो फ्यूज वेगळा. तोफगोळ्याच्या टोकाला बसवलेला हा भाग गोळा कधी फुटायचा ते ठरवतो. काही फ्यूज गोळा आदळला की काम करतात. टाइम फ्यूज मात्र ठरलेल्या सेकंदाला गोळा हवेतच फोडतो. खंदकातल्या सैनिकांवर वरून छर्रे पाडायचे असोत किंवा उडतं विमान गाठायचं असो, त्यासाठी हाच लागतो.

सुरुवातीला ही वेळ दारूच्या जळण्यावर मोजली जायची. फ्यूजच्या गोल कड्यात दारूची बारीक रेघ भरलेली असे. कडं फिरवलं की रेघेचा किती भाग जळायचा ते बदलायचं. पहिल्या महायुद्धात विमानं आली आणि या पद्धतीची पंचाईत झाली. उंचावर हवा विरळ, तिथे दारू जळण्याचा वेग बदलतो आणि गोळा भलत्याच ठिकाणी फुटतो. घड्याळाला मात्र हवेशी काही देणंघेणं नाही. म्हणून १९१६ च्या सुमारास जर्मनीने यांत्रिक फ्यूज आणला: 'डॉप. झेड. १६'. गोळा सुटताना बसणाऱ्या धक्क्याने यंत्रणा मोकळी होते आणि दातेरी चाकं फिरू लागतात. तोफेतून सुटताना हजारो पट जोराचा हिसका बसूनही चालणारं घड्याळ! ब्रिटिशांनी हाती लागलेले नमुने उघडून त्यांचा अभ्यास केला, यात नवल नाही.

हे बनवणार कोण? घड्याळवालेच. थुरिंजियातल्या रूला गावची, १८६२ ला सुरू झालेली थील बंधूंची कंपनी आणि श्रामबर्गची युंगहान्स, दोन्ही घराघरांत घड्याळं पोचवणाऱ्या. एकाच प्रकारच्या कसबातून गजराचं घड्याळ आणि तोफगोळ्याचं टोक दोन्ही निघत होतं, हे वाचून जरा अस्वस्थच व्हायला होतं.

अक्षरं आणि आकडे कसे वाचायचे?

ओळखीची खरी चावी अंगावरच्या ठशात असते. शेवटचं 'झेड' म्हणजे 'त्सुंडर', जर्मनमध्ये फ्यूज. त्याच्या आधी 'डॉप' असेल तर तो 'डॉपेलत्सुंडर', म्हणजे दुहेरी: वेळेवरही फुटतो आणि आदळल्यावरही. 'झेड-टी' दिसलं तर 'त्साइटत्सुंडर', म्हणजे फक्त वेळेवर चालणारा. 'ए. झेड.' दिसलं तर तो आदळून फुटणारा, टाइम फ्यूज नव्हेच. उदाहरणार्थ, दुसऱ्या महायुद्धातल्या 'ए. झेड. २३' च्या बाजूला एक खाच असते. ती फिरवून फक्त 'लगेच' की 'किंचित उशिराने' एवढंच ठरवता येतं. ती खाच बघून अनेक जण त्याला टाइम फ्यूज समजतात.

आकड्यांत तर हमखास फसायला होतं. 'डॉप. झेड. १६' मधला १६ म्हणजे १९१६ साल. पण 'झेड-टी. झेड. एस/३०' मधला ३० म्हणजे १९३० साल नव्हे, तर जास्तीत जास्त ३० सेकंद. 'डॉप. झेड. एस/६०' म्हणजे ६० सेकंद. आकड्याआधी 'एस' आणि तिरकी रेघ आहे का, तेवढं बघायचं.

एस/३० हा गाजलेल्या ८.८ सेंटिमीटर विमानविरोधी तोफेचा फ्यूज. तोफेशेजारच्या यंत्रात गोळ्याचं नाक खुपसलं की वेळ आपोआप लागायची, त्यामुळे सैनिकाला हाताने कडं फिरवत बसावं लागत नसे. पण ३० सेकंद संपले की संपले, त्यापलीकडच्या उंचीवरचं विमान वाचलं.

ठसे झिजले असतील तर आकाराकडे बघा. जळत्या दारूच्या फ्यूजला धूर बाहेर पडायला बारीक छिद्रं असतात आणि कडी एकावर एक रचलेली दिसतात. घड्याळवाला फ्यूज बहुधा लांबट, गुळगुळीत. पट्टीवरचे आकडे नेहमी सेकंदच असतील असंही नाही, पहिल्या महायुद्धातल्या काही जर्मन फ्यूजवर थेट अंतर, म्हणजे मीटर कोरलेले असत. धातूवरूनही थोडा अंदाज येतो. युद्ध लांबलं, तांब्याची टंचाई झाली आणि पितळेच्या जागी जस्त, ॲल्युमिनियम, पोलाद येत गेलं. दुसऱ्या महायुद्धातल्या मालावर गरुडाचा तपासणी शिक्का आणि कारखान्याचं नाव लपवणारा अक्षरांचा कोड असतो.

जुना आहे, मग धोका कसला?

नुसता फ्यूज सुटा सापडला तरी आत स्फोट सुरू करणारा भाग शाबूत असू शकतो. घड्याळ अर्ध्यात अडकलेलं असेल तर स्प्रिंग अजून ताणलेलीच असेल. गंज चढल्यावर कुठला भाग कशाने अडला आहे, हे बाहेरून कळत नाही. बेल्जियममध्ये शेतं नांगरताना आजही दरवर्षी शंभर टनांहून जास्त जुना दारूगोळा निघतो. ईप्र शहरात मार्च २०१४ मध्ये बांधकामावरच्या दोन कामगारांचा पहिल्या महायुद्धातल्या गोळ्याने जीव घेतला, म्हणजे तब्बल शंभर वर्षांनी.

हे सगळं लांब युरोपातलं वाटेल. पण मराठा रेजिमेंटचे जवान १९४४-४५ मध्ये इटलीत जर्मन तोफांसमोर लढले. पणजोबांच्या ट्रंकेत पदकांसोबत असा एखादा शंकू निघाला तर तो नकली आहे असं गृहीत धरू नका. वस्तू आहे तिथेच राहू द्या, घरच्यांना खोलीबाहेर काढा आणि ११२ वर फोन करा. फोटो काढायचाच असेल तर लांबून, झूम करून.