दिव्यांची अवस : आज पूजा दिव्यांचीच

आषाढ अमावस्या जवळ आली की मोबाईलवर ‘गटारी’चे विनोद सुरू होतात. श्रावणात मांसाहार आणि मद्य वर्ज्य करणारे त्याआधी हौस भागवून घेतात, त्यावरून हे नाव रुळलं. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हीच दिव्यांची अवस. समया, निरांजनं, लामणदिवे माळ्यावरून खाली येतात. तेलाचा चिकटा आणि काजळी चिंचेने घासून काढायची, पाटाभोवती रांगोळी घालून दिवे मांडायचे, उजळायचे, हळदकुंकू वाहायचं. वर्षभर ज्यांच्या उजेडात देवाची पूजा होते, आज पूजा त्यांचीच. नैवेद्यही दिव्यांचाच : गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून वाफवलेले दिवे. वर तूप हवंच! काही घरांत जुना कंदीलही पुसून पाटावर ठेवतात.