जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांच्या नाजूक पडद्यांची दुरुस्ती : चिकट सांध्यांचे शास्त्र आणि संधारणाचा प्रश्न

प्रास्ताविक

हस्तलिखिते, नाणी, वस्त्रे, चित्रे यांच्या संधारणाविषयी आपल्याकडे बराच विचार झालेला आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत घराघरांत पोहोचलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे संधारण हा मात्र तुलनेने नवा विषय आहे. अमेरिकेतील रोचेस्टर येथील 'द स्ट्राँग' हे क्रीडासंग्रहालय किंवा बर्लिनमधील 'कॉम्प्युटरश्पीलेम्युझेउम' यांसारख्या संस्था व्हिडिओ गेमकडे सांस्कृतिक दस्तऐवज म्हणून पाहतात. ही दृष्टी एकदा स्वीकारली की एक अडचणीचा प्रश्न समोर येतो. दस्तऐवज वाचता येत नसेल, तर तो जपला असे म्हणता येईल काय? खेळाचे यंत्र वाचले जाते ते त्याच्या पडद्यावर, आणि त्या काळातील यंत्रांचा सर्वांत दुबळा अवयव नेमका तोच आहे.

प्रस्तुत लेखात निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या दोन यंत्रांच्या आधारे या दुबळेपणाची कारणमीमांसा केली आहे. त्यांपैकी एक १९८९ सालचे 'गेम बॉय' आणि दुसरे १९९५ सालचे 'व्हर्च्युअल बॉय' होय. दोन्ही यंत्रांशी गुनपेई योकोई या अभियंत्याचे नाव निगडित आहे. महागड्या नव्या तंत्रज्ञानाच्या मागे न धावता स्वस्त, मुरलेल्या तंत्राचा अनपेक्षित उपयोग करावा, असे त्यांचे धोरण होते. या काटकसरीमुळेच ही यंत्रे सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली. पुढे सांगितलेल्या दोषांचे मूळही काही अंशी याच काटकसरीत सापडते, हे नमूद करणे भाग आहे.

दोष पडद्यात नसून सांध्यात

'पडदा बिघडला' असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात काच शाबूत असते, तिच्यातील द्रवस्फटिकही शाबूत असतो, आणि तरीही चित्र उमटत नाही. विद्युत संकेत काचेपर्यंत नेणारा सांधा सुटलेला असतो.

सर्वसाधारण विद्युत मंडलात दोन धातू जोडण्यासाठी डाख, म्हणजे सोल्डर वापरतात. वितळलेला डाख तांब्याच्या पृष्ठभागाशी रासायनिक संयोग पावतो आणि थंड झाल्यावर एकजीव होतो. द्रवस्फटिक पडद्याच्या काचेवर मात्र तांबे नसते. तेथे इंडियम-टिन ऑक्साइड या पारदर्शक वाहकाचा अतिशय पातळ थर असतो, आणि त्याला साधा डाख धरत नाही. शिवाय डाख वितळण्याइतकी उष्णता काचेलगतच्या ध्रुवण पटलाला सोसत नाही. म्हणून निर्मात्यांनी दुसरा मार्ग पत्करला. प्लास्टिकच्या लवचीक पट्टीवर वाहक रेषा छापायच्या, सूक्ष्म वाहक कण मिसळलेला चिकट पदार्थ मध्ये ठेवायचा आणि उष्णता व दाब देऊन ती पट्टी काचेवर बसवायची. दाबामुळे कण वरच्या व खालच्या रेषांमध्ये चेपले जातात आणि प्रवाह उभ्या दिशेने वाहतो. कण परस्परांपासून अलग असल्यामुळे तो शेजारच्या रेषेकडे जात नाही.

या सांध्यात धातूंचा संयोग होत नाही. कण केवळ दाबून धरलेले असतात आणि तो दाब टिकवण्याचे काम चिकट पदार्थ करतो. वर्षानुवर्षे तापणे, निवणे, आर्द्रता आणि बहुवारिकांची संथ शिथिलता यांमुळे पकड ढिली होते. कण जागेवरच राहतात, परंतु त्यांचा स्पर्श तुटतो. महाविद्यालयातील प्रयोगशाळांत पडून असलेल्या जुन्या गणकयंत्रांवर अर्धवट उमटणारे आकडे आपण सर्वांनी पाहिले असतील. त्यांचे कारणही बहुधा हेच असते. तेवढ्यावरून ते उपकरण निकालात काढण्याची घाई होते, ही खेदाची गोष्ट आहे.

गेम बॉय : एका रेषेचा हिशेब

गेम बॉयच्या पडद्यावर १६० उभे स्तंभ आणि १४४ आडव्या ओळी आहेत. छटा चार. प्रत्येक स्तंभाला स्वतंत्र वाहक रेषा आहे. त्यामुळे सांध्यातील एका रेषेचा स्पर्श गेला की पडद्यावरील नेमका एक उभा स्तंभ वरपासून खालपर्यंत कोरा राहतो. जुन्या गेम बॉयमध्ये अशा कोऱ्या रेषा, विशेषतः कडेच्या भागात, पुष्कळदा आढळतात. दोषाचे स्वरूप आणि दोषाचे स्थान यांचा इतका सरळ संबंध इलेक्ट्रॉनिक्समध्ये विरळाच. अध्यापनाच्या दृष्टीने हे उदाहरण फार उपयुक्त आहे.

दुरुस्तीची रीतही याच संबंधावर आधारलेली आहे. यंत्राच्या पाठीमागील त्रिपंखी खाचेचे सहा स्क्रू काढल्यावर दोन्ही अर्धे भाग अलग होतात. पुढील भागातील पडद्याच्या खालच्या कडेशी ती लवचीक पट्टी असते. तापमान नियंत्रित करता येणारे सोल्डरिंग आयर्न कमी तापमानावर ठेवून त्याचे टोक या पट्टीवरून हलक्या दाबाने, सावकाश, एका बाजूकडून दुसरीकडे फिरवावे लागते. चिकट पदार्थ उष्णतेने मऊ होतो, दाबाने कण पुन्हा चेपले जातात आणि थंड होताना ती स्थिती गोठते. यंत्र चार छोट्या सेलवर, म्हणजे अवघ्या सहा व्होल्टवर चालत असल्याने अनुभवी कारागीर हे काम यंत्र चालू ठेवूनच करतात. एकेक हरवलेली रेषा डोळ्यांदेखत परत येते आणि कोठे थांबावे ते कळते. हात एकाच ठिकाणी रेंगाळला तर पट्टी जळते, व जळलेल्या पट्टीवर उपाय नाही.

आडव्या ओळी गेल्या असतील तर प्रकरण कठीण असते. त्यांचा सांधा पडद्याच्या बाजूला असून तेथे हात पोहोचणे अवघड जाते आणि यशाचे प्रमाण पुष्कळ कमी असते. उन्हात राहिल्याने काळवंडलेले ध्रुवण पटल सोलून नवे लावता येते. ते चिकाटीचे, पण साध्य काम आहे. काचेला तडा जाऊन द्रवस्फटिक बाहेर पसरला असेल, तर मात्र ती काच गेली असेच समजावे.

व्हर्च्युअल बॉय : आरशावर उभे असलेले चित्र

व्हर्च्युअल बॉय जपानमध्ये २१ जुलै १९९५ रोजी आणि उत्तर अमेरिकेत त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये विक्रीस आले. १९९६ च्या पूर्वार्धापर्यंत ते दोन्हीकडून मागे घेण्यात आले होते. जेमतेम पावणेआठ लाख यंत्रे विकली गेली आणि दोन्ही बाजारपेठा मिळून अवघे २२ खेळ प्रसिद्ध झाले. व्यापारी दृष्ट्या ते अपयश होते. प्रदर्शन-तंत्राच्या इतिहासात मात्र त्याला स्वतंत्र स्थान द्यावे लागते, कारण त्याला रूढ अर्थाने पडदाच नाही.

मॅसॅच्युसेट्समधील रिफ्लेक्शन टेक्नॉलॉजी या कंपनीकडून घेतलेल्या या तंत्रात प्रत्येक डोळ्यासाठी २२४ लाल एलईडींचा एकच उभा स्तंभ असतो. त्याच्यासमोर एक आरसा सेकंदाला ५० वेळा या गतीने दोलायमान होतो. आरसा फिरत असताना तोच स्तंभ ३८४ वेगवेगळ्या स्थानी, दर वेळी निराळ्या क्रमाने उजळतो, आणि दृष्टिसातत्यामुळे ३८४ गुणिले २२४ बिंदूंचे सलग चित्र दिसल्याचा भास होतो. दोन डोळ्यांना किंचित भिन्न चित्रे दाखवल्याने खोलीची जाणीव निर्माण होते. लाल रंगाच्या निवडीमागेही काटकसरच होती, कारण त्या काळी लाल एलईडी स्वस्त होते आणि वीज कमी घेत.

आता दोषाकडे वळू. एलईडींचा स्तंभ ज्या फलकावर बसवला आहे, त्याला मुख्य मंडलाशी जोडणारी लवचीक पट्टी फलकाकडील टोकाला डाखलेली नसून चिकटवलेली आहे. हा चिकट सांधा वयोमानानुसार सुटू लागतो आणि चित्रात आडव्या रेषा, विस्कळीत पट्टे दिसू लागतात. रेषा आडव्याच का, याचे उत्तर रचनेतच आहे. स्तंभातील एक एलईडी म्हणजे आरशाच्या फेऱ्यानंतर चित्रातील एक संपूर्ण आडवी ओळ. गेम बॉयमध्ये सुटलेला सांधा उभी रेषा पुसतो, येथे तो आडवी ओळ बिघडवतो. शिवाय या पट्टीतून जाणारा एकेक संकेत अनेक एलईडींच्या वाट्याचा असल्याने एक स्पर्श गेला तरी चित्राचा मोठा भाग विस्कटतो. एकेक डोळा मिटून पाहिले की कोणत्या बाजूचा फलक दोषी आहे ते लगेच कळते. दोष एकाच बाजूस असला तरी हानी दोन्हींची होते, कारण मेंदूला दोन चित्रांची सांगड घालता येत नाही आणि खोलीचा सगळा आभास कोसळतो.

या दोषावर दोन उपाय प्रचलित आहेत. पहिल्यात फलक मंद आचेवरील ओव्हनमध्ये काही काळ ठेवून चिकट पदार्थ मऊ करतात व सांधा दाबून बसवतात. हा उपाय सोपा आहे आणि तत्काळ फळ देतो, म्हणून लोकप्रियही आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते तो टाळावा. ज्या पदार्थाची पकड वयोमानाने गेली आहे, त्याच्यावरच पुन्हा भिस्त ठेवली जाते. त्यामुळे दोष काही काळाने परततो. त्यातच दुरुस्तीची गरज नसलेल्या भागांनाही विनाकारण उष्णता सोसावी लागते.

दुसरा उपाय म्हणजे सांधा डाखणे. येथे पट्टीचे टोक काचेवर नसून तांब्याच्या रेषा असलेल्या फलकावर येते. त्यामुळे गेम बॉयमध्ये अशक्य असलेली गोष्ट येथे शक्य होते. पट्टी अलगद सोडवायची, तिच्यावरील प्लास्टिकचे आवरण धारदार पात्याने खरवडून आतील तांबे उघडे करायचे, जुना चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा आणि प्रत्येक रेषा फलकावरील तिच्या जागेशी नेमकी जुळवून डाखायची. रेषा अत्यंत बारीक असतात. पाते किंचित खोल गेले तर तांबेच तुटते, आणि डाख अधिक झाला तर शेजारच्या दोन रेषा जोडल्या जातात. भिंगाखाली, स्थिर हाताने व भरपूर वेळ हाती ठेवूनच हे काम करावे. एकदा नीट झाले की हा दोष सहसा पुन्हा उद्भवत नाही.

पडदा निर्दोष असतानाही

निदानात फसगत होऊ शकते, हे सांगण्यासाठी सेगा कंपनीच्या 'गेम गिअर' या १९९० सालच्या यंत्राचा उल्लेख पुरेसा आहे. त्याचा रंगीत पडदा अंधुक दिसू लागला की पडदाच गेला असे वाटते. बहुतेक वेळा दोष मंडलावरील लहान विद्युत्‌-अपघटनी धारित्रांत असतो. त्यांतील द्रव पाझरून आसपासचे तांबे खातो, आणि चित्राबरोबर आवाजही क्षीण होतो. आवाजाची ही खूण निदानास फार उपयोगी पडते. धारित्रे बदलून मंडल स्वच्छ केले की चित्र बहुधा परत येते. १९८२ सालच्या 'व्हेक्ट्रेक्स'ची गोष्ट अगदी निराळी आहे. त्यात निर्वात काचनळी आणि हजारो व्होल्टचा दाब असल्याने प्रशिक्षणाविना ते यंत्र कोणी उघडू नये.

दुरुस्ती की बदल?

आज गेम बॉयसाठी प्रकाशमान, सुस्पष्ट रंगांचे नवे पडदे सहज मिळतात. तासाभरात जुनी काच काढून नवा पडदा बसवता येतो. ज्याला केवळ खेळायचे आहे त्याने तसे करण्यात काहीच वावगे नाही. संग्रहालयाच्या बाबतीत मात्र हा निर्णय इतका सोपा राहत नाही.

मूळ पडदा संथ होता. हलणारी आकृती आपल्यामागे पुसट छाया सोडत असे. त्या काळातील रचनाकारांनी या दोषाचाही उपयोग करून घेतला. एखादी आकृती एका चौकटीत दाखवायची, पुढच्या चौकटीत लपवायची, असे करीत राहिले की संथ पडद्यावर ती अर्धपारदर्शक भासे. वेगवान आधुनिक पडद्यावर तीच आकृती निव्वळ लुकलुकते. आज्ञावली अक्षरशः तीच असते, परंतु तिच्या कर्त्याला अभिप्रेत असलेले दृश्य हरवते. संगणकावर अनुकरण-प्रणालीने खेळ चालवतानाही हीच अडचण येते. व्हर्च्युअल बॉयच्या बाबतीत तर सपाट पडद्यावरील प्रतिकृतीत कंप पावणारा आरसा, त्याची गुणगुण, काळोखात तरंगणारी लाल आकृती यांपैकी काहीच उरत नाही.

उलट बाजूही विचारात घेतली पाहिजे. संधारणाच्या रूढ तत्त्वानुसार केलेला हस्तक्षेप शक्य तोवर परत फिरवता यावा. खरवडलेली पट्टी पूर्ववत होत नाही. डाखलेला सांधा टिकाऊ असला तरी तो कारखान्यातील मूळ सांधा नव्हे. यंत्राला हात न लावता ते काचेच्या कपाटात ठेवावे, असे म्हणणारे अभ्यासक आहेत आणि त्यांचे म्हणणे पूर्णतः डावलता येत नाही. तथापि चिकट पदार्थाची झीज कपाटातही थांबत नाही, हे त्यांनी लक्षात घ्यावयास हवे. न चालणारे यंत्र आणि डाखून चालते केलेले यंत्र यांत निवड करावयाची झाल्यास प्रस्तुत लेखक दुसऱ्याच्या बाजूने आहे. संग्रहात एकाहून अधिक नमुने असतील तर एक जसाच्या तसा राखावा आणि उरलेले चालते करावेत.

कोणताही मार्ग पत्करला तरी नोंद हवीच. काढलेली मूळ काच किंवा पट्टी पिशवीत घालून यंत्रासोबत ठेवावी. सांधा कोणी, केव्हा, कोणत्या मिश्रधातूच्या डाखाने जोडला, आधी किती रेषा गेल्या होत्या व नंतर किती परत आल्या, हे छायाचित्रांसह लिहून ठेवावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारपेठांत असे बारीक काम लीलया करणारे हात आहेत, पण त्यांच्या कामाची नोंद सहसा कोठेच राहत नाही. भौतिकशास्त्र आणि इतिहास या दोन विभागांनी मिळून पदवीच्या विद्यार्थ्यांकडून अशा एखाद्या यंत्राची दुरुस्ती व तिची नोंदवही हा प्रकल्प करून घेण्यास फारसा खर्च येणार नाही. सुरुवात प्रयोगशाळेच्या कपाटातील, अर्धे आकडे दाखवणाऱ्या गणकयंत्रापासूनही करता येईल.