वीज गेली तर बेसमेंटचे काय?

न्यू जर्सीत २०१२ च्या सँडी वादळानंतर अनेक घरांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळीच संप पंप बंद पडतो. बॅटरीवरचा दुसरा पंप आपोआप सुरू होतो. मात्र संततधार पावसात बॅटरी काही तासच पुरते आणि ३ ते ५ वर्षांनी बदलावी लागते. पोर्टेबल जनरेटर इंधन असेपर्यंत चालतो, पण सुरू करायला माणूस हवा. विषारी धुरामुळे तो घरापासून २० फूट लांब, उघड्यावर ठेवावा. गॅरेजमध्ये कधीच नाही. उन्हाळ्यात आम्ही भारतात असतो, म्हणून मी बॅटरी निवडली. पंप बंद पडून झालेले नुकसान घराच्या साध्या विम्यात बहुधा धरत नाहीत. त्यासाठी जादा कलम घ्यावे लागते; आपल्या एजंटला जरूर विचारा.