सावजी रश्शासोबत वूव्रे?

नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या चुलीवरचा सावजी मटणरस्सा म्हणजे खसखस, दगडफूल, मिरे, लाल मिरची आणि वर जवसाच्या तेलाची तर्री. त्यासोबत फ्रान्सच्या ल्वार नदीकाठची वूव्रे ही पांढरी वाइन सुचवली, तर बहुतेकांच्या भुवया उंचावतील. त्यामागचे चार समज तपासून पाहण्यासारखे आहेत.

गैरसमज : मटण म्हटलं की रेड वाइनच.

वस्तुस्थिती : हा नियम युरोपातल्या भाजलेल्या, बिनतिखट मटणाचा. रेड वाइनला द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून टॅनिन मिळतं. त्यामुळे तोंड कोरडं पडतं आणि मिरचीनंतर ते जास्तच बोचतं. शिवाय 1997 साली शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने शोधलेला, मिरचीची आग ओळखणारा शरीरातला ग्राहक (रिसेप्टर) अल्कोहोलनेही चाळवतो. या क्षेत्रातल्या कामासाठी ज्युलियस यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं. म्हणजे वाइन जितकी कडक, तितकी आग जास्त. वूव्रेत टॅनिन नगण्य आणि आंबटपणा भरपूर. तो तर्रीचा तेलकटपणा कापतो. तिचा ‘दमी-सेक’ हा अर्धगोड प्रकार घेतला तर गोडव्यामुळे तिखटाची धारही बोथट होते.

गैरसमज : गोड वाइन म्हणजे वरून साखर घातलेली.

वस्तुस्थिती : यीस्ट रसातल्या साखरेचं अल्कोहोल करतं. ही क्रिया आधीच थांबली, की द्राक्षाचीच साखर मागे उरते. 1936 पासून कायद्याने संरक्षित असलेलं वूव्रे हे नाव कोरड्या, अर्धगोड, गोड आणि फेसाळ अशा सगळ्या वाइनना लागतं. थंड वर्षी कोरडी जास्त बनते. शरद ऋतू उबदार गेला की गोड. चांगल्या वर्षाची गोड वूव्रे कित्येक दशकं टिकते.

गैरसमज : त्यासाठी फ्रेंच बाटलीच हवी.

वस्तुस्थिती : वूव्रेचं द्राक्ष, शेनिन ब्लां, नाशिकलाही पिकतं. तिथल्या सुला कंपनीची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली. या कंपनीची शेनिन ब्लां किंचित गोडसर असते. दिंडोरीत शांदों कंपनी फेसाळ वाइनसाठी हेच द्राक्ष वापरते. शेतीचं वेळापत्रक मात्र उलटं आहे. ल्वारकाठी तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. नाशिकला तेव्हा फळांसाठीची गोडी छाटणी चालते, तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये आणि एप्रिलात नव्या काड्यांसाठीची खरड छाटणी. नाशिकची शेनिन ब्लां साठवून ठेवू नये. एक-दोन वर्षांत संपवावी.

गैरसमज : वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी.

वस्तुस्थिती : ती खोली जुन्या युरोपातली, 16 ते 18 अंशांची. नागपूरचा मे महिना 45 अंशांवर जातो. शेनिन ब्लां 8 ते 10 अंशांवर हवी, म्हणून बाटली फ्रीजमध्येच ठेवावी. ग्लासात बर्फ टाकला तर वाइन पातळ होते.

वूव्रेच्या गावाकडे ही वाइन बकरीच्या दुधाचं चीज, नदीतले मासे आणि डुकराच्या मांसाचा रियेत हा पदार्थ यांच्यासोबत घेतात. नागपुरात कोथिंबिरीच्या तळलेल्या सांबारवडीला कोरडी किंवा फेसाळ, तर पाटोडी रश्शाला अर्धगोड जमेल. ‘फुल तिखट’ सावजीपुढे मात्र कुठलीच वाइन टिकत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन बारा-तेरा टक्के अल्कोहोलमध्ये पुरेसं विरघळत नाही, ते दुधातल्या केसिन या प्रथिनाला चिकटतं. तिथे वाटीभर दही मागवावं.