‘१२ नून’ आणि दुपार

दैनंदिन मराठी लेखनात ‘१२ नून’ हा इंग्रजी प्रयोग अधूनमधून आढळतो. त्याचे कारण तपासण्याजोगे आहे. ‘पी.एम.’ म्हणजे मध्याह्नानंतर. ऐन मध्याह्नाला ती संज्ञा तर्कतः लागू पडत नाही आणि ‘१२ पी.एम.’ वाचताना दिवस की रात्र, असा संभ्रम होतो. इंग्रजीने तो ‘नून’ जोडून टाळला. मराठीत ‘दुपारी १२’ आणि ‘रात्री १२’ हा भेद मुळातच स्पष्ट असल्याने या उसनवारीची गरज उरत नाही.

तौलनिक दृष्टीने मात्र दोन्ही शब्दांचा प्रवास लक्षणीय आहे. ‘नून’ हा लॅटिन ‘नोना’पासून, म्हणजे सूर्योदयानंतरच्या नवव्या तासावरून आला, दुपारी तीनच्या सुमाराचा हा शब्द पुढे बारावर सरकला. ‘दुपार’ हा ‘द्विप्रहर’पासून सिद्ध झालेला शब्द. दोन प्रहर संपण्याचा तो क्षण पुढे काही तासांचा कालखंड झाला. म्हणूनच ‘नून’चा अनुवाद नुसता ‘दुपार’ केल्यास नेमकेपणा हरवतो.

‘मध्याह्न’ हा पर्यायही जपूनच योजावा लागतो. जयपूरच्या जंतरमंतरमधील सम्राट यंत्र स्थानिक सौरवेळ दाखवते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली असून जयपूर त्याच्या बरेच पश्चिमेस आहे. त्यामुळे तेथे सूर्य याम्योत्तरवृत्तावर येतो तेव्हा घड्याळात, वर्षातील दिवसानुसार, सुमारे १२.१० ते १२.४१ वाजलेले असतात. घड्याळासाठी ‘दुपारी १२’ आणि सूर्यस्थितीसाठी ‘मध्याह्न’ हा विवेक अनुवादकाने राखणे इष्ट होय.