ज्येष्ठा, रेणुका आणि रोमची चूल

पुराणातल्या गोष्टी आल्या म्हणजे देवधर्म कळला, असा एक समज आहे. रोमनांच्या बाबतीत तर तो फारच पक्का. ज्युपिटरची प्रेमप्रकरणं वाचून वाटतं, तिथला माणूस दिवसभर याच कथांत वावरत असेल.

वस्तुस्थिती अशी की त्याचे रोजचे देव घरातच होते. लारेस म्हणजे घराचे राखणदार, पेनातेस कोठीघराचे, आणि चुलीशी वेस्ता. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत घरोघरी देव्हारे सापडले. लारेसच्या चित्राखाली पुष्कळदा साप रंगवलेला. या लारेसच्या नावावर सांगण्याजोग्या कथा मोजक्याच, पूजा मात्र नेमाने. आणि तिला पुरोहितही लागत नसे, घरचा कर्ता पुरुषच नैवेद्य दाखवी.

दुसरा गैरसमज घरचाच आहे: पोथीत असतं तसंच लोक मानतात. वऱ्हाडातल्या पातूरकडच्या, भादव्यातल्या महालक्ष्म्या बघा. समुद्रमंथनाच्या कथेत ज्येष्ठा ही लक्ष्मीची थोरली बहीण, म्हणजे अलक्ष्मी. जिथे भांडण, तिथे तिचा मुक्काम. पोथीवर चालायचं तर तिला दारातूनच परत लावायला हवं. पण वऱ्हाडात ज्येष्ठा-कनिष्ठा जोडीनं येतात, कुंकवाच्या पावलांवरून, अनुराधा नक्षत्रावर. मुखवटे मांडायचे, लुगडी नेसवायची, पुढ्यात त्यांची लेकरं बसवायची. ज्येष्ठा नक्षत्रावर पुरणपोळी, सोळा भाज्या, ज्वारीची आंबील. मूळ नक्षत्रावर निरोप. थोरली अशुभ आहे, हे त्या घरातल्या कोणाच्या ध्यानीमनीही नसतं. माहेरी आलेल्या मोठ्या लेकीला असतो तोच मान. हे सगळं बहुतेक घरांत बायाच पार पाडतात. मला तरी यात पोथीपेक्षा जास्त धर्म दिसतो.

तिसरा: देव म्हटला की रेखीव मूर्ती हवी. पातूरच्या टेकडीवर रेणुकामाता आहे. नवरात्रात तिथे रीघ लागते. जमदग्नी, परशुराम, मातेचा शिरच्छेद ही कथा सगळ्यांना ठाऊक. पण तिच्या माहूरच्या मूळपीठी पूजा होते ती शेंदूर माखलेल्या भव्य मुखाची, अख्ख्या मूर्तीची नव्हे. संगमरवरी पुतळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या रोमनांनीही इ.स.पू. 204 मध्ये आशिया मायनरमधून महामाता आणली ती एका काळ्या दगडाच्या रूपात, आणि शहरानं तिचं जंगी स्वागत केलं.

एका माणसाचा एकच पंथ, हाही समज टिकत नाही. पाँपेईत इजिप्तच्या इसिसचं देऊळ होतं. पातूरच्या तर जुन्या नावातच शेख बाबू हे सूफी संत आहेत.

एवढी साम्यं दिसली की कोणीतरी ‘ते आपल्याकडूनच गेलं’ म्हणतं. तसा पुरावा नाही. चूल, कोठार आणि मेलेली माणसं प्रत्येक घरात असतात, त्यांची तजवीज जो तो आपल्या परीनं करतो. रोमनांचा पितृपक्ष 13 ते 21 फेब्रुवारी असे. देवळं बंद, लग्नं बंद, थडग्यांवर फुलं आणि मिठाचे दाणे. 22 तारखेला मात्र हयात भावकी एका पंगतीला बसे, वर्षभराचे तंटे मिटवायला.